वास गेला का?

"वास गेला का, बघा जरा."

सकाळी दार उघडावं तर आमचे शेजारी काहीतरी रंगवलेलं हातात घेऊन उभे. कधी पाट, कधी स्टूल, एकदा तर सायकलचं मडगार्ड. वस्तू थेट माझ्या नाकाशी धरायची आणि हे विचारायचं. इकडे तव्यावर पोळी करपतेय. मी म्हणायचे, "गेला हो, गेला." तेवढ्यानं त्यांचं समाधान होईल तर शपथ. "बाई, नीट घ्या. थिनरचा राहिलाय की रंगाचा?" मी बालवाडीत शिकवणारी बाई, मला थिनर काय आणि रंग काय.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पिंपं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते रंगखात्याचे सुपरवायझर होते. बोईसरजवळ सालवडच्या चाळीत त्यांची आणि आमची भिंत एक. चाळीत कुणी दाराला रंग लावायला घेतला की शेजारी मागे हात बांधून हजर, आणि न विचारता सांगणार, "कडा राहिल्या." अशानं त्यांचं निम्म्या चाळीशी वाजलं होतं. तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उजव्या हाताची बोटं कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. जखम भरली, पण माणूस घरात बसला तो बसलाच. दाढी नाही, बोलणं नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घर चालावं म्हणून मी आमच्याच पुढच्या खोलीत स्वतःची बालवाडी काढायचं ठरवलं, पण खरी धास्ती मला होती ती ह्यांची. भाजी चिरता चिरता मी वळून वळून बघायचे. हा माणूस असाच पडून संपून जाईल, असं मला वाटायला लागलं होतं.

माझ्या भावानं मुंबईहून मुलांसाठी बुटकी टेबलं पाठवली. ती आली खोक्यांतून. आत नुसत्या फळ्या, स्क्रूची पिशवी आणि कसं जोडायचं त्याची चित्रं. बोईसरला तेव्हा हे नवलच होतं. भुसा दाबून केलेल्या फळ्या, वर ना रंग ना सनमायका. मी घाम गाळून एक टेबल जोडलं आणि ब्रश हातात घेतला, तोच दारात शेजारी उभे.

"खोला."

"अहो, आत्ता तर जोडलंय."

"खोला, बाई. पावसाळ्यात ही फळी कडेनं पाणी पिते आणि फुगते. आधी रंग, मग जोडणी. स्क्रूच्या भोकातसुद्धा रंग गेला पाहिजे."

खोललं. काय करते! रंगाच्या दुकानातही माझं काही चाललं नाही. मला पिवळा आणि लाल हवा होता. ते म्हणाले, "या पिवळ्यात शिसं असतं. मूल टेबलावर लिहितं नंतर, आधी चाटून बघतं." मग डब्यांवरचं बारीक अक्षर वाचत दुकानदाराला पिडून पिडून त्यांनी फिका निळा ऑइलपेंट काढायला लावला. शाळा माझी आणि रंग शेजाऱ्यांच्या पसंतीचा. मी घरी येईपर्यंत फुगून बसले होते.

त्यांनी कडांच्या भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासलं, प्रायमर दिला. रंगाचा शेवटचा हात मात्र चाळीत द्यायला ते तयार होईनात, इथं धूळ बसते म्हणून. त्यांची बायको केळव्याकडची, कोळ्यांची लेक. तिच्या भावाच्या अंगणात छान वारा असतो म्हणून सगळ्या फळ्या त्यांनी एकट्यानं टेम्पोत घालून तिकडे नेल्या, रंगवल्या आणि बोंबील वाळवायच्या बांबूंवर टांगल्या. वरच्या दोऱ्यांवर बोंबील, खाली माझी शाळा.

टेम्पो परत आला तेव्हा चाळ नाकाला पदर लावून बाहेर आली. फळ्या चकचकीत, आणि वास म्हणाल तर मासळीबाजार. बोंबील मीही आवडीनं खाते, पण त्यावर मुलांना अक्षरं गिरवायला कसं बसवणार? ते मात्र खुशीत. एक फळी माझ्या नाकाशी आणून म्हणाले, "वास गेला का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. थट्टा करत नव्हते. त्यांची बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "त्यांना वास येत नाय, बाई. रंगाच्या फवाऱ्यात इतकी वर्षं काढली, नाक गेलं."

ते पायरीवर बसले.  शाळा तोंडावर आलेली. मग उठले आणि मला ओलांडून सरळ आमच्या घरात शिरले.

"भाऊ, उठा. सगळं घासून परत रंगवायचंय. मला नाक पाहिजे."

हे भिंतीकडे बघतच म्हणाले, "वहिनी आहेत की."

"ती बोंबलात वाढलेली. तिला काय कळतंय?"

"मग हिला न्या."

"बाई चिडल्यात. त्या खरं सांगायच्या नाहीत."

आणि हे उठले. इतके महिने मी विनवण्या केल्या, रडले, भांडले, तेव्हा उठले नव्हते. गॅलरीत बसून डाव्या हातानं फळ्या घासायला लागले. थोड्या वेळानं आवाज आला, "अजून आहे." "कुठं?" "खालच्या बाजूला. तुम्ही नीट धुतलंच नाही." "मी धुतलं नाही? मी?" दोघांची जुंपली. मी आत भांडी घासत होते. नळ सोडून ठेवला आणि पोटभर रडले.

शाळा वेळेवर सुरू झाली. पोरांनी टेबलं चाटली, त्यांवर पाणी सांडलं, पण एकही फळी फुगली नाही. आणि दर रविवारी सकाळी हाक यायची, "भाऊ, चला. नाक घेऊन या." कधी बेटेगावला कुणाचं कपाट, कधी पालघरला कुणाचा पलंग. हे दाढी करून निघायचे. पुढे डाव्या हातात ब्रश बसला आणि ह्यांनी स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली.

निवृत्त झाल्यावर शेजारी बायकोला घेऊन केळव्याला राहायला गेले. तिथंच ते वारले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा हे बाहेर तिच्या भावाजवळ बसले, मी आत तिच्याजवळ. बोलता बोलता मी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला वास कळत नव्हता, त्यामुळे आमचं घर उभं राहिलं."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "मला कळत नाय? बाई, आमी मासळी विकणारी मानसं. ताजी का शिळी, आमाला लांबून समजते. घरातल्या रंगाचा वास मीच सांगायची त्यांना, तरी मन भरायचं नाय म्हणून तुमच्या दारात यायचे. त्या दिवशी मला कळते म्हणून तुमच्या दारातून मी तोंड उघडलं, तर डोळ्यांनी गप केलं मला. मागून बोलले, तू बोललीस तर तो भाऊ परत झोपेल."

ह्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, नाक गेलेल्या एका माणसाला आपण इतकी वर्षं सांभाळून घेतलं. वाटू दे.