भिंतीत काड्या घालू नयेत

माझी आत्या आयुष्यभर लोकांच्या भिंतींवर तसबिरी आणि आरसे लावत आली. तिचे यजमान दुकानात फ्रेम बनवत आणि ही पिशवीत ड्रिल घालून घरोघरी जाई. गल्लीत तिला ‘भिंतवाली’ म्हणत. तिने लावलेला आरसा पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

गेल्या वर्षी तिचा गुडघा दुखावला. खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, धरायला काही नाही. आतेभावाने ठरवलं, आईला खालच्या मागच्या खोलीत आणायचं.

“त्या खोलीत ऊन येत नाही. मी काय बटाटा आहे अंधारात ठेवायला?” आत्या म्हणाली.

शेवटी तह झाला. जिन्याच्या भिंतीला हाताने धरायचा दांडा बसवायचा. त्याने आतेभावाचं वजन पेललं तर आत्या वर, नाही तर खाली, कुरकुर न करता. आतेभाऊ अंगाने चांगलाच भरलेला आहे.

पहिला दांडा त्यानेच बसवला. दुसरं टोक धरून मी उभा होतो. ठोके देणारं ड्रिल त्याने जोरात रेटलं, भोकं ऐसपैस झाली, आणि गिट्ट्या, म्हणजे स्क्रूला पकडून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या, आत गरगर फिरू लागल्या. मग सगळे करतात तेच त्याने केलं. आगपेटीतल्या काड्या मोडून भोकात कोंबल्या. वजन टाकलं आणि दांडा गिलाव्यासकट हातात आला.

“काड्या घातल्यास?” आत्याने वरून विचारलं.

“थोड्याशा.”

“घरात घालतोस त्या कमी पडल्या, म्हणून आता भिंतीतही?”

सून हसू दाबत आत पळाली. आतेभाऊ हिरमुसला. “मग लोखंडी बोल्ट आणतो, आवळला की आत फुगणारा. त्याला हत्ती टांग.”

“हत्ती राहील रे, वीट राहायची नाही. जुनी, मऊ वीट आहे. बोल्ट फुगला की ती फुटेल. तो काँक्रीटला वापरायचा.”

मग ती बसून एकेक पायरी खाली सरकत बोटांनी भिंत वाजवू लागली. पोकळ वाजलं तिथे गिलावा सुटलेला, म्हणून फुली मारली. भरीव वाजलं तिथे मुलाला बारीक भोक पाडायला लावलं. लाल भुकटी आली तर आत वीट. करडी आली तर दोन विटांमधला सांधा, आणि तो भुसभुशीत, म्हणून जागा बदलायची.

“ठोके बंद कर, नुसतं फिरव. घाई कसली? भिंत कुठे पळत नाही.”

धूळ फुंकून काढली. गिट्ट्या लांब घेतल्या, गिलावा ओलांडून पूर्ण विटेत शिरतील अशा. स्क्रूही तसेच लांब.

“आवळ... अजून... बास! आता पिळलास तर पुन्हा गरगर.”

आतेभावाने दांडा धरला आणि दोन्ही पाय उचलले. भिंतीतून कणही पडला नाही. तो तसाच लोंबकळत राहिला.

“अहो, उतरा आता,” सून म्हणाली. “आई पास झाल्या.”

“दांडा निघत नाहीये गं,” तो म्हणाला. तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

आत्या दांडा धरून सावकाश चढली. मध्येच थांबून मागे वळली. “खालची खोली तू घे. जिना चढताना माझ्यापेक्षा तुलाच जास्त धाप लागते.”

आतेभाऊ त्याच दांड्याचा आधार घेत तिच्यामागून वर गेला.