कबरीतल्या घुगऱ्या

या, पत्रातूनच का होईना, अशा जवळ सरका. लांबून काय ऐकू येणार, आणि त्या मोबाइलात डोकं घातलं तर मुळीच नाही. "आत्या, तुझ्या नोकरीतलं एखादं प्रकरण लिहून ठेव," म्हणून तुम्हीच मागे लागता आणि लिहिलं की म्हणता, मराठी वाचायला वेळ लागतो, हिंदीत सांग. हिंदीत आयुष्यभर ठाण्याचे रोजनामचे लिहिले, आता नाही लिहायची. हळूहळू वाचा, पण वाचा.

ती देवासची घटना आजही आठवली की माझं मलाच कळत नाही, तेव्हा माझी बुद्धी कुठे गेली होती. नावं कोणाचीच सांगणार नाही. मी तेव्हा उपनिरीक्षक होते. आरक्षक, म्हणजे साधी शिपाई, म्हणून भरती झालेली धारची मुलगी, जे शिकले ते ठाण्यातच शिकले. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, रजेवर होते आणि ठाणं माझ्याकडे होतं.

सकाळची हजेरी चालली होती. ख्रिस्ती कबरस्तानासमोर चहाचा ठेला लावणारा आमचा एक मुखबिर, म्हणजे खबऱ्या, आला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "मैडम, हफ्ते भर से कोई मरा नहीं, और मिट्टी ताजी है."

एवढंच. पण खबर अशीच असते, लांबलचक खबर बहुतेक खोटी निघते.

जाऊन पाहिलं. कोपऱ्यातली एक कबर नुकतीच उघडून पुन्हा बुजवलेली दिसत होती. आपल्या मनानं कबर खोदता येत नाही, म्हणून एसडीएम, म्हणजे प्रांत, साहेबांचा लेखी हुकूम घेतला, तहसीलदार आले, दोन पंच उभे केले आणि माती काढली. पेटीच्या कुजक्या फळ्या निघाल्या. हाडाचा एक तुकडा नाही. आणि मातीत काय सापडावं? उकडलेले गहू. साखर लागलेले, त्यात डाळिंबाचे दाणे, आणि वर दारूचा आंबट वास.

मला काही म्हणजे काही सुचेना. आपल्याकडे बारशाला घुगऱ्या वाटतात. पाळण्याखालच्या वस्तूचं कबरीत काय काम? प्रधान आरक्षक, म्हणजे आमचा हवालदार, म्हणाला, तंत्रमंत्र आहे, हाडं विकली. पंचनाम्यात मी 'उबले गेहूँ, मुट्ठी भर' असं लिहिलं.

कबर परदेशी माणसाची होती. देवासच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला ग्रीस देशातून आठ-दहा कुटुंबं आली होती. बसवायला आली आणि चालवायला राहिली. त्यांतलाच एक वयस्कर फोरमन पाच वर्षांपूर्वी इथेच वारला होता. त्याची बायको मुलाजवळ राहत होती. त्यांच्यात विधवा काळं घालते. त्या काळ्या झग्यातल्या बाईला भाजीबाजारात सगळे ओळखत. वसाहतीतले लोक त्यांना 'यूनानी' म्हणत, त्यामुळे सुरुवातीला दोघी-तिघी म्हाताऱ्या त्यांना युनानी हकीम समजून गुडघ्यांचं औषध मागायला गेल्या होत्या, असं मी ऐकलं होतं. गंमत म्हणजे त्यांना तेल चोळून परत पाठवलं होतं.

आता त्या बाईला सांगायचं कसं, की तुझ्या नवऱ्याची हाडं चोरीला गेली? मी ठरवलं, आधी चोर पकडू, हाडं मिळवू, मग सांगू. मला वाटलं, मी दया करते आहे.

संशय कबरस्तानाच्या चौकीदारावर होता. साठी उलटलेला माणूस, तीस वर्षं फाटकाजवळच्या खोलीत राहणारा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. खोलीत फावडं सापडलं, त्यावर ओली माती, आणि एक रिकामी बाटली. बाटलीवरची अक्षरं परदेशी. परदेशी अक्षरं म्हणजे महागडी दारू, महागडी दारू म्हणजे गिऱ्हाईक मोठं, असं आम्ही जुळवलं. बघा, पुरावा हातात होता आणि मी तो उलटा धरला होता.

तीन दिवस त्याला सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं. कबर किती खोल, कोणाची कुठे, सगळं घडाघडा सांगायचा. हाडं कुठे विकलीस म्हटलं की पायांकडे बघायचा. प्रधान आरक्षक म्हणाला, मैडम, दोन फटक्यांत बोलेल. मी म्हटलं, माझ्या ठाण्यात हात उचलायचा नाही. चोर खूप बोलतो, नाहीतर रडतो. हा दोन्ही करत नव्हता. चहा दिला की पिऊन कप धुऊन ठेवायचा. हे मला खटकत होतं, पण खटकण्याची नोंद रोजनामच्यात होत नाही.

तिसऱ्या दिवशी कबरस्तानाच्या समितीनं त्याच्या खोलीला कुलूप घातलं. गुन्हा दाखल झाला की कायमचं बाहेर, असं कळवलं. संध्याकाळी सोडला तेव्हा तो फाटकाबाहेर आपली वळकटी घेऊन बसलेला मी जीपमधून पाहिला. या माणसाला दुसरं घर नव्हतं. गुन्हा दाखल करायच्या कागदावर माझी सही झाली असती की तेही संपलं असतं.

त्यानंतर मला राहवेना. सही करण्याआधी त्या बाईला सांगणं भागच होतं. चौथ्या दिवशी सकाळी, बोलायचं ते मनात घोकत, महिला आरक्षकाला घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

रविवार होता, सगळीच कुटुंबं तिथे जमलेली. एक तरुण इंजिनियर हिंदी बोलायचा, कारखान्यात शिकलेला. मला म्हणाला, "आओ भिया, बैठो." भिया म्हणजे भाऊ; मी उपनिरीक्षक, बाई, वर्दीत, आणि भिया. महिला आरक्षक तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळली.

त्यांच्यात पाहुण्याला आल्याबरोबर चमचाभर मुरंबा आणि पाण्याचा पेला देतात. तो संपेपर्यंत कामाचं बोलायचं नाही. एकीचं पोर रांगत आलं, त्याला मी छान आहे म्हटलं तर आईनं लगेच तीनदा थू-थू केलं. हुबेहूब आपल्यासारखी दृष्ट. तो तरुण सांगत होता, वाढदिवसापेक्षा आमच्यात नावाच्या संताचा दिवस मोठा, त्या दिवशी त्या नावाच्या माणसाचं दार सगळ्यांना उघडं. म्हणून शेजारी म्हणायचे, यांच्याकडे दर आठवड्याला कोणाचा तरी बड्डे.

मी ऐकत होते आणि घोकून आणलेलं वाक्य कधी काढावं ते बघत होते.

तेवढ्यात काळ्या झग्यातली आजी आतून आली आणि माझ्यापुढे ताटली ठेवली. उकडलेले गहू, वर साखर, डाळिंबाचे दाणे.

माझा चमचा हातातच राहिला. मी त्या तरुणाला विचारलं, हे कशाचं? तो म्हणाला, "जो चला गया, उसके लिए बनाते हैं. आजोबा के लिए." आजोबा हा शब्द तो मराठीच बोलला, शेजारणीकडून उचललेला.

मी आजीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कहाँ हैं आजोबा?"

आजी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. टेबलावर लाकडी पेटी, तिच्यावर पांढरा कपडा, पुढे दिवा. खोलीत दारूचा तोच वास. मी टोपी काढली. तिनं झाकण उघडलं. हाडं धुऊन, पुसून, नीट रचून ठेवलेली. त्यांच्या देशात जमीन थोडी. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी दारूनं धुतात आणि पेटीत ठेवतात. घरचीच माणसं धुतात. चोरी नाही, करणी नाही, शेवटची सेवा.

मुलाचा आणि बाकीच्यांचाही करार संपला होता, पंधरा दिवसांत सगळे परत जाणार होते. परवानगी मागितली आणि कागद अडकले तर नवरा इथेच राहील, या भीतीनं आजीनं भल्या पहाटे चौकीदाराकडून कबर उघडून घेतली, दारू शिंपडून मातीत गहू वाहिले, रिकामी बाटली त्याच्याकडेच राहिली, आणि कोणाला सांगणार नाहीस अशी शपथ घातली. तिला वाटलं, विषय संपला. तिच्यापायी तो माणूस फाटकाबाहेर बसला आहे, हे तिला माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती पलंगावर बसली आणि तिनं तोंड झाकून घेतलं. मग जे बोलली ते त्या तरुणानं सांगितलं. "मुझे पकड़ो. पर इनको यहाँ अकेला मत छोड़ना. यहाँ इनका नाम लेने वाला कोई नहीं बचेगा."

माझ्या वडिलांच्या अस्थी आम्ही धामनोदवरून पुढे नर्मदेला नेल्या होत्या. वाटेत कलश माझ्या मांडीवर होता आणि गाडी उसळली की मी तो पोटाशी धरत होते. त्या खोलीत मला कायदा सुचला तो नंतर.

पण सुचला. कबरस्तानाच्या अवमानाचं कलम लागायला अवमानाचा हेतू लागतो. आजीचा जबाब घेतला, एसडीएम साहेबांपुढे ठेवला. ते तासभर चिडले, आजीनं परवानगी का घेतली नाही म्हणून मलाच बोलले, आणि मग मानले. प्रकरण गुन्हा दाखल न होताच बंद झालं. अस्थी नेण्याचे कागद झाले. आजी स्वतः समितीच्या सचिवांकडे गेली, मागे सगळ्या बायका, हातात ताटल्या. कुलूप त्याच दिवशी निघालं.

मी चौकीदाराकडे एकटी गेले. वर्दीत माफी मागायची सवय नसते, शब्द नीट येईनात. एवढंच म्हटलं, काका, बोलला का नाहीत?

तो आपल्या माळवी हिंदीत म्हणाला, "म्हने जबान दी थी, मैडम. और आपने यह पूछा ही नहीं कि किसने निकाली. आप तो पूछती रहीं कि कहाँ बेची."

मी म्हटलं, विचारलं असतं तर सांगितलं असतं?

"नी बताता," तो म्हणाला. "पर पूछतीं तो."

या प्रकरणानं मला हेच शिकवलं. एकीचं दुःख वाचवायला म्हणून मी तिच्या दारी गेले नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं फाटकाबाहेर बसून मोजली. दया करायची तर आधी जाऊन विचारायचं. आणि प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवायचं नाही, नाहीतर समोरचा गप्प बसतो आणि आपण त्याला गुन्हेगार म्हणतो.

पुढे आणखी आहे, पण ते लिहून होणार नाही, तोंडानं सांगायचं आहे. धारला या. दिवाळीपर्यंत थांबू नका, माझं वय थांबत नाही. येण्याआधी फोन करायची गरज नाही, मी घरीच असते.