चोवीस युनिटांत माजलगाव

बीडहून निघताना गाडीच्या पडद्यावर बॅटरी शंभर टक्के दिसत होती. महाविद्यालयात आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, मी गाडी चालवायला शिकले. शहराबाहेर एकटीने जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. माजलगावला जाऊन अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, चार दिवसांसाठी बीडला आणायचे होते. भाऊजी गेल्यापासून तिचे येणे-जाणे मुलाच्या सवडीवर अवलंबून असते आणि विश्वासला, म्हणजे माझ्या भाच्याला, सवड फारशी नसते. फोनवर अक्का म्हणाली होती, “तू न्यायला आलीस तर येते. कुणाच्या हातापाया पडायचं न्हाई.”

माझ्या गाडीची बॅटरी चोवीस युनिटांची आहे. विजेच्या बिलावर असते तेच हे युनिट. कंपनीच्या कागदावर एका चार्जिंगमध्ये अडीचशे किलोमीटर लिहिलेले आहेत. माजलगावला जाऊन परत येणे सुमारे एकशे पस्तीस. नकाशासमोर उभे राहून शिकवण्याची सवय असलेल्या मला हे अंतर किरकोळ वाटले.

शहर मागे पडले आणि मागून एक ट्रक सारखा हॉर्न देऊ लागला. त्याला वाट करून देण्याऐवजी, संकोचाने म्हणा किंवा भीतीने, मी वेगच वाढवला. वडवणीपर्यंत वेगाचा काटा नव्वदच्या आसपास राहिला. फेब्रुवारीचे ऊन काचेतून पोळत असल्याने एसीही पूर्ण होता. रस्त्यावरच्या एका पंपावर चार्जर दिसला, पण त्यावर ‘बंद आहे’ असा कागद डकवलेला होता.

वडवणीला चहासाठी थांबले तेव्हा टक्के अंतराच्या मानाने फारच उतरले होते. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी गाडीभोवती फेरी मारली आणि लाइट गेल्यावर ही कशी चालते, असे विचारले. आत साठा असतो, असे मी सांगितले.

“केवढी टाकी हाय?”

“चोवीस युनिटांची.”

“आमच्या घराला पंधरा दिस पुरतंय की हो तेवढं. तुमी एका दिसात जाळता?”

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले आणि चहा गार होण्यापूर्वी संपवला.

तेलगावच्या पुढे कापसाच्या पऱ्हाट्या (वेचणी झालेली झाडे) आणि मग धरणाच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस लागला. माजलगावला पोहोचले तेव्हा निम्म्याहून जेमतेम अधिक बॅटरी उरली होती. काळजीचे कारण नव्हते. जेवण होईपर्यंत अक्काच्या घरी गाडी चार्जिंगला लावायची, असे ठरलेलेच होते.

अक्का दारातच उभी होती. नवे लुगडे, हातात पिशवी. तिने आधी मला कवटाळले आणि नंतर सांगितले, की सकाळपासून लाइट नाही. कुठे तरी तारांचे काम चालले होते आणि वीज कधी येईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. अंधारात गाडी चालवण्याचे धाडस माझ्यात नाही, त्यामुळे थांबून राहण्यातही अर्थ नव्हता.

ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा असे जेवण समोर होते, पण माझे लक्ष बेरजा-वजाबाक्यांत. शेजारी जेवायला बसलेल्या विश्वासची गाडीही विजेवरचीच, परंतु बॅटरी पंचेचाळीस युनिटांची. त्याने माझ्या गाडीच्या पडद्यावरचे टक्के आधीच पाहिले होते.

“मावशी, ही डबी वडवणीला बसकण मारणार. कावून (का म्हणून) जिवाला घोर लावून घेतीस? रविवारी मी आणून सोडतो आईला.”

त्याचे बोलणे प्रेमाचे होते आणि बहुधा बरोबरही. त्याच्या गाडीच्या कागदावरही भरमसाट आकडा आहे. महामार्गावर दामटली की त्याच्या दोन तृतीयांशही मिळत नाही, हे त्याने स्वतःच सांगितले. पण त्याचा साठा मोठा, त्यामुळे चूक खपते. माझी खपणार नव्हती. मी अक्काकडे पाहिले नाही. पाहिले असते तर “रविवारीच ये” असे म्हणवले नसते, आणि ते म्हणण्याच्या मी अगदी बेतात होते.

एवढ्यात अंगणात माझ्या गाडीचा मागचा भाग खाली बसलेला दिसला. अक्काच्या अंगणातून कोणतेही वाहन रिकामे परत जात नाही, ही तिच्या सासूपासूनची रीत. आमचे जेवण चालले असताना सालगड्याने ज्वारीचे पोते, गुळाच्या ढेपा आणि हरभऱ्याची गोणी आत रचली होती.

“त्यात हे ओझं,” विश्वास म्हणाला. “वजन बी बॅटरी खातं, आई.”

अक्का गाडीपाशी गेली. पोत्यावर हात ठेवून सालगड्याला म्हणाली, “काढ सगळं.” मग मुलाकडे वळून म्हणाली, “ज्वारी ने रविवारी तुझ्या मोठ्या गाडीत. मी आज जाते हिच्या डबीत.” आणि ती पुढच्या आसनावर जाऊन बसली. तिच्या अंगणातून रिकामी निघालेली ती पहिलीच गाडी असावी.

परतीला एसी बंद, काचा उघड्या. बीडकडे जमीन किंचित चढत जाते, याची भूगोलाने मला नको तेव्हा आठवण करून दिली. तेलगावजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, वरपर्यंत ऊस, बैलगाडीला लाजवणारी चाल. सकाळी मी वैतागले असते. पण पडद्यावरचा आकडा पाहिला, तर तो हलायलाच तयार नव्हता. तेवढीच वीज आता कितीतरी अधिक अंतर देत होती. पुढे वाट मोकळी झाली तरी मी वेग पन्नासच्या वर नेला नाही. मागून हॉर्न आले की बाजूला होत होते.

टक्के वाचण्याचे काम अक्काने स्वतःकडे घेतले. विश्वासचा फोन वाजू लागला, तर म्हणाली, “वाजू दे. पोचल्यावर सांगू.”

वडवणी आली आणि मागे पडली. पुढच्या वळणानंतर अक्का लहानपणीसारखी खुदकन हसली.

घराशी थांबलो तेव्हा सोळा टक्के उरले होते. दिवेलागण अजून व्हायची होती. मी चार्जरची पिन जोडेपर्यंत अक्काने विश्वासला फोन लावला.

“पोचलो. लई मजेत.” मग म्हणाली, “आन् आईक, ती ज्वारी रविवारी आणू नको. तिथंच राहू दे. आमी येता-जाता नेऊ थोडी थोडी.”

कागदावरच्या अडीचशेंवर आता माझा विश्वास नाही, आणि त्याचे दुःखही नाही. हा रस्ता, हा वेग आणि शेजारी अक्का असताना माझे चोवीस युनिट कुठवर जातात, ते मला कळले आहे. पायलीभर (चार शेर) ज्वारीचे ओझे त्यांना सहज झेपेल. पोत्यात पायल्या किती आणि त्याच्या खेपा किती, हे मात्र मी अजून मोजलेले नाही.