गाण्यात नसलेली रांग

आधी थेरगावातल्या मेसवाल्या मावशींचं सांगतो. त्या नसत्या तर आज मी चाकणच्या कंपनीत वेल्डिंग करत नसतो, परत उसाच्या फडात असतो.

आठवीतनं शाळा सुटली ती ऊसतोडीमुळंच. काही हंगाम आईसोबत तोड केली आणि फडातूनच थेट इकडं आलो. पिशवीत तिचा कोयता तसाच राहिला. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, हाताला फोड येऊ नयेत म्हणून.

कंपनीच्या बसमध्ये कानात रॅप असायचं. टोळ्यांचं, गल्लीचं, जेलचं. शिफ्टनं अंग मोडून आलेलं असताना वाटायचं, कुणीतरी खरं बोलतंय. मग मीही लिहायला लागलो. खोलीतले दोघं म्हणाले, "भावा, नुसतं बोलून कोण ऐकतंय? तुझा कोयता काढ की!" भर दुपारी गच्चीवर व्हिडिओ केला आणि नेटवर टाकला. मी कोयता नाचवत म्हणत होतो, माझी गल्ली, माझं राज्य. राज्य कसलं, तिघांत एक पंखा होता.

आमच्याकडं कोयता दारामागं खुंटीला असतो. इथं टोळ्यांची पोरं तो घेऊन दहशत करतात, म्हणून हातात दिसला की पोलीस उचलतात, हे मला ठाऊक होतं. पण आपला काही तसला नाही, असंच वाटत राहिलं. तीन दिवसांनी चौकीतून फोन आला. त्याच आठवड्यात कंपनीच्या ठेकेदारानं पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागितला होता. गुन्हा नोंदला तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर गेटच्या आत पाय नाही.

मेसमध्ये ताटावर बसलो, घास उतरेना. मावशींनी विचारून विचारून सगळं काढून घेतलं आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. त्यांचा मुलगा असल्याच टोळीपायी तुरुंगात आहे. मेसमध्ये सगळ्यांना माहीत, बोलत कुणी नाही.

"झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पोरगं मारतंय, पळतंय, आत जातंय. समदं खरं. पन जेलच्या दारातली मुलाखतीची रांग कुठं हाय ह्यात? सकाळधरनं उभी असते मी. आन् समोर आला की इचारतो, आई, आज कालवण काय केलंस?"

मी ताट बाजूला सारलं.

"आता ऊठ. कोयता फडक्यात बांध. मी येते."

चौकीत साहेब ओरडले, "रॅपर काय रे तू? म्हण की इथं!"

मावशी मधे पडल्या. "सायेब, आधी मूठ बघा. गुंडाच्या कोयत्याला असलं बांधत्यात व्हय?"

साहेबांनी पट्टी बोटानं चाचपली. "तुम्ही याच्या कोण?"

"जेवू घालते."

व्हिडिओ काढायला लावला, कोयता जमा करून घेतला, जबाब लिहून समज देऊन सोडलं. बाहेर आल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "भात गार झाला आसंल."

दाखला मिळाला. तरी चौकीवरून बस गेली की अजून मी मान खाली घालतो. कोयत्याचं आईला सांगितलेलं नाही. रॅप अजून ऐकतो. त्यात खोटं नसतं, फक्त गाणं जेलच्या दारात संपतं.

मावशी, तुमच्या गुडघ्यांना ती रांग आता सोसत नाही. मिळालेला दाखला जाईल या धाकानं मला अजून जेलकडं यायचा धीर होत नाही, पण येईन. एक दिवस सुट्टी टाकून तुमच्या जागी रांगेत मी उभा राहीन. तुम्ही सावलीत बसा, नंबर आला की हाक मारतो.