आजोबांचे दोनशे वॅट

मुलांनो, सुट्टीत डहाणूला येताना तुम्ही वॅट मोजणारं पेडल आणणार आहात असं कळलं. ते आजोबांच्या सायकलीला लागण्याआधी मी, तुमची आजी, खरं सांगून टाकते. ते स्वतः सांगणार नाहीत. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाच्या लेखी चूक नेहमी पुढच्या स्टेशनाची असते.

डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं, पण घरातच. म्हणून मागच्या पडवीत ती स्टँडवर चढली. मागचं चाक रोलरला घासत फिरतं. वॅटचा मीटर नव्हता, सायकलीवर वेगाचा काटा आणि स्टँडसोबत आलेला तक्ता होता: वेग इतका, तर ताकद इतकी. पहिल्या आठवड्यात ऐंशी वॅट आले. तिसऱ्यात एकदम दोनशे! तुम्ही फोनवर टाळ्या वाजवल्यात. स्टेशनजवळच्या पेन्शनर मंडळींनीही वाजवल्या, वॅट म्हणजे काय ते न विचारता.

नरपडची मासेवाली मावशी एकदा टोपली उतरवून बघत उभी राहिली.

"बाबा, रोज एवढं चालवता. बोर्डीला पोचलात का?"

"दोनशे वॅट आहेत, मावशी!"

"मग घाम कुठं हाय?"

तिने चाक थांबवायला लावलं आणि पापलेट दाबून बघावं तसा रोलर अंगठ्याने दाबला. तो हलला. "ह्यो तर नुसता टेकलाय. दाबच नाय."

मग आठवलं. दुपारच्या झोपेत घरघर नको म्हणून मीच कुरकुर केली होती आणि त्यांनी रोलर चाकावर दाबणारा स्क्रू सैल केला होता. घरघर गेली, वेग वाढला. तक्ता मात्र घट्ट रोलरसाठी होता. वरचे एकशेवीस वॅट माझ्या झोपेचे!

"मुलांना सांगू नकोस," ते म्हणाले. "ती मला मानतात गं."

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. खोटं उत्तर पाठवणं जमेना. स्क्रू आवळला आणि त्यांना पेडल मारता मारता एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला. दम किती लागतो हे त्याहून चांगलं कुठलं यंत्र सांगणार? पहिल्या दिवशी चारवर गाडी थांबली. दोष अर्थातच पाढ्याचा.

तेव्हा पेडल जरूर लावा, पण आकडा बघून हसू नका. दोनशे वॅट गेले. आता रोलर घट्ट आहे, दुपारी घरघर आहे, आणि एकोणतीसचा पाढा ते न थांबता दहापर्यंत म्हणतात.