गोल झाला तेव्हा मुलगा दिसला

मंडळी, आज शुक्रवारची सुट्टी. इथे आखातात, अल सद्दच्या फ्लॅटवर मी एकटाच. मुलगा मेलबर्नला असतो. त्याचा लाडका जुना क्लब ऑस्ट्रेलियातल्या नव्या राष्ट्रीय सेकंड डिव्हिजनमध्ये आलाय, म्हणून मोबाईलवर मॅच लावली. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही.

खाली चाहत्यांच्या कमेंट चालू होत्या. एकाने लिहिलं, "आज वडिलांना घेऊन आलोय. क्लब पुन्हा देशपातळीवर बघायचा होता त्यांना."

तेवढ्यात गोल झाला आणि स्टँडमध्ये उड्या मारणारा माझा मुलगा दिसला. मी लगेच फोन लावला. त्याने उचलला नाही.

मोबाईलवरची मॅच खऱ्या खेळाच्या अर्धं मिनिट मागे असते. थोड्या वेळाने कॅमेरा पुन्हा स्टँडकडे वळला, तर स्क्रीनवर त्याने फोन काढला, बघितला, परत खिशात ठेवला.

आत्ता त्याचा मेसेज आला, "बाबा, ऑफिसमध्ये अडकलो होतो."

"बरं, जेवून घे," एवढंच मी लिहिलं. तुम्ही काय लिहिलं असतं?