रिलेचा मान

शौकत कागदीचं लग्न एका रिले सर्व्हरपायी अडलं होतं. हे वाचून कुणी हसेल तर हसो. मी त्या वेळी मंचरच्या मुख्य कचेरीत संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसायचो, आणि मला हसायची सोय नव्हती. पतसंस्थेचं नाव सांगत नाही. संचालक बहुतेक हयात आहेत, आणि बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी अपमान त्यांच्या बरोबर लक्षात राहतो.

शौकत जुन्नरचा. वाडवडील हातकागद करायचे, म्हणून आडनाव कागदी. हा मात्र कॉम्प्युटरकडे वळला आणि आमच्या संस्थेत रोजंदारीवर चिकटला. डिंभ्यापासून आळेफाट्यापर्यंत संस्थेच्या अठरा शाखा. तिथले सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा हा एकटा, आणि नोकरीत कायम नसलेलाही हा एकटाच. चहा आणणारा शिपाईसुद्धा कायम होता.

त्याचं रुक्सानाशी ठरल्यासारखं होतं. ती जुन्नरला उर्दू शाळेत शिकवायची. तिच्या वडिलांचं म्हणणं सरळ होतं: मुलगा गुणी आहे, पण रोजंदारीवर आहे, कायमची ऑर्डर दाखवा आणि तारीख काढा. रुक्सानाने आलेली दोन स्थळं काहीबाही खोड काढून परत धाडली होती. तिसरं कल्याणचं होतं, नोकरी रेल्वेतली. त्यात खोड काढायची म्हणजे मुलीची अक्कलच निघाली असती.

इकडे संस्थेची गत अशी, की व्हायरसचं औषध म्हणा, व्याजाचा नवा हिशेब म्हणा, कॉम्प्युटरवर काही नवं चढवायचं झालं की अठरा शाखांतली सगळी यंत्रं एकदम मंचरच्या सर्व्हरवर तुटून पडायची. टेलिफोनच्या लाइनी बारीक. एका नळावर अख्खं गाव हंडे घेऊन आल्यावर होतं तेच व्हायचं. काउंटर बंद पडायचे, लोक बाकावर पेंगायचे, आणि शेवटी शौकत पिशवीत सीडी भरून एसटीने शाखा-शाखा हिंडायचा. डिंभ्याला गेला की परतीची गाडी मिळेल याचा भरवसा नाही. तिथे धरण उशाला, पण शाखेत लाइट असेल याचाही नाही.

२००५ च्या सुमारास त्याने एक योजना मांडली. मंचरने सगळ्यांना वाढत बसायचं नाही. नारायणगाव, घोडेगाव आणि आळेफाटा अशा तीनच ठिकाणी एकेक रिले ठेवायचा. मंचरहून एक प्रत तिथे जाईल, आणि आसपासच्या शाखा आपापल्या जवळच्या रिलेकडून ती उचलतील. ही तीन गावं का, तर तिथली लाइन धड होती आणि भारनियमनात इन्व्हर्टर टिकत होता. एक रिले पडला तर त्याच्या शाखांनी कुणाकडे जायचं, हेही त्याने नेमून ठेवलं होतं. चेअरमन जानकूशेठ खूश झाले. म्हणाले, वार्षिक सभेच्या आत हे चालू कर, तुला कायम करून टाकतो. शौकतने ते त्याच संध्याकाळी रुक्सानाच्या वडिलांच्या कानावर घातलं, आणि कल्याणचं स्थळ सभेपर्यंत थोपवलं गेलं.

योजना बैठकीत आली. भिंतीवर नकाशा लावला होता. डिंभ्याचे संचालक रखमाजीअण्णा बराच वेळ घोडेगावहून डिंभ्याकडे जाणाऱ्या बाणाकडे पाहत राहिले. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिली बारी, म्हणजे गाडा सोडायची पहिली पाळी, कुणाची, यावरून त्यांचं आणि घोडेगावच्या बहिरूनानांचं जुनं वाकडं होतं.

"म्हंजी घोडेगावनी आदी जेवायचं आन् आमी त्यांचं उष्टं घ्यायचं?" अण्णांनी विचारलं.

शौकत म्हणाला, की यात उष्टं काही नाही, जशीच्या तशी प्रत येते. पण तो शब्द एकदा टेबलावर पडला आणि सगळं बिनसलं. ओतूरला नारायणगावचं नको झालं, बेल्ह्याला आळेफाट्याचं नको झालं. ज्याला त्याला आपल्या गावात रिले हवा होता, आणि रिले म्हणजे काय हे एकाही बहाद्दराला सांगता आलं नसतं. शौकतने पोटतिडकीने समजावलं, की सगळीकडेच रिले ठेवले तर सगळेच पुन्हा मंचरच्या नळावर येतील. जानकूशेठ म्हणाले, सहकारात लहानमोठं नसतं. ठराव झाला: अठरा शाखांना अठरा रिले. खर्चाची तरतूद मात्र तीन रिलेंचीच राहिली, कारण काटकसर हे संस्थेचं ब्रीद. हे दोन्ही मी एकाच ठरावात लिहिलं, आणि खाली सगळ्यांनी झोकात सह्या केल्या.

मला शौकतची कीव आली आणि त्या मंडळींचा संताप. दोन दिवसांनी तो आळेफाट्याला उमरच्या भंगाराच्या दुकानात गेला आणि जुन्या कॉम्प्युटरचे पंधरा रिकामे डबे घेऊन आला. प्रत्येकात एक पंखा, एक हिरवा दिवा, आणि दर्शनी भागावर सील. खरे रिले त्याने आधी ठरवलेल्या तीन जागीच बसवले. एरवी अठराही डबे दिसायला सारखे. मी विचारलं तेव्हा म्हणाला, जत्रेत मानकरी किती असतात आणि पालखीला खांदा देणारे किती, बघा की. मी तोंडाला कुलूप घातलं.

डिंभ्याला रिलेची स्थापना थाटात झाली. सुवासिनींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, अण्णांनी फीत कापली. पंखा घुं घुं करू लागला तेव्हा अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. असंच सगळीकडे झालं. आणि सांगायचं म्हणजे, काम फर्स्टक्लास चालू झालं. सकाळी शाखा उघडण्याच्या आत नवं असेल ते सगळीकडे पोचलेलं असायचं.

मग तुलना सुरू झाली. घोडेगावचा रिले पावसाळ्यात दोनदा बंद पडला, नारायणगावचा एकदा. डिंभ्याचा एकदाही नाही. जो राबतो तोच पडतो, हे कुणाच्या ध्यानात येणार? अण्णा भर बैठकीत बहिरूनानांना म्हणाले, यंत्रालाबी गावचं पाणी लागतं राव. नाना पंधरा दिवस कुणाशी बोलले नाहीत.

वार्षिक सभेच्या आदल्या बैठकीत शौकतच्या कायमचा विषय निघाला. आता सगळं आपोआप चालतंय, तर माणूस कशाला, असं एकाने काढलं. अण्णांना तेवढंच हवं होतं. त्यांचा पुतण्या आदेश कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसला होता. तोच रिलेंवर नजर ठेवील, त्यालाच कायम करा. बाकीच्यांनी माना डोलावल्या. जानकूशेठनी शौकतकडे न बघता सांगितलं, की पोरा, तुझे लई उपकार झाले. मला त्या क्षणी हातातली वही फेकून मारावीशी वाटली.

शौकत उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"माजी काय हरकत न्हाई. फक्त जाताना आदेशला सांगून जावं लागंल, की अठरातले पंधरा डबे रिकामे हाईत. काम तीनच करत्यात, आन् नकाशातलेच तीन असंबी न्हाई."

जानकूशेठनी घसा खाकरून विचारलं, "कंचे तीन?"

शौकतने तोंड उघडलं, तेवढ्यात रखमाजीअण्णाच ओरडले, "थांब. नावं घिऊ नको."

मी मान वर करून सगळ्यांचे चेहरे पाहिले. ज्याने त्याने आपल्या गावात नारळ फोडला होता. आता डबा रिकामा निघाला तर घाटात तोंड दाखवायला जागा नव्हती. अठरा जण, आणि शाबूत राहणार तिघेच. शेवटी जानकूशेठच बोलले, की झाकली मूठ सव्वा लाखाची. पण हा गडी बाहेर गेला तर मूठ उघडी पडंल, तवा त्याला कायम करून संस्थेतच ठेवलेला बरा. ठराव मांडला त्यांनी, अनुमोदन दिलं अण्णांनी. माझ्या कारकिर्दीत वादावादीशिवाय एकमताने मंजूर झालेला तेवढा एकच ठराव.

महिन्याभरात जुन्नरला निकाह झाला. झाडून सगळे संचालक आले. प्रत्येक जण शौकतच्या खांद्यावर हात टाकून त्याला मांडवाच्या कडेला नेई, कानात काही पुटपुटे, आणि ताठ होऊन परत येई. रुक्सानाचे वडील भारावून गेले होते. जावयाचा सल्ला घेतल्याशिवाय तालुक्यात पान हलत नाही, असं त्यांनी पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली होती.

रखमाजीअण्णांनी त्याला बाजूला घेतलं तेव्हा मी जवळच उभा होतो.

"आपला डबा भरल्याला हाय ना?"

"व्हय अण्णा."

अण्णा थोडे घुटमळले. मागे बहिरूनाना आपली पाळी यायची वाट बघत उभे होते. अण्णांनी आवाज आणखी खाली आणला.

"आन् घोडेगावचा?"

"त्यो रिकामा."

अण्णांनी शौकतला कडकडून मिठी मारली. आपल्या डब्याचं उत्तर ऐकून त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.